धावत्या घोड्याचे चित्र : प्राण्यांच्या चालीचे शास्त्र आणि वैज्ञानिक चित्रणाचा इतिहास

प्रस्तावना

प्राणिशास्त्र, पशुवैद्यक आणि पुराजीवशास्त्र या विद्याशाखांच्या ग्रंथांत चित्र हे मजकुराची शोभा वाढविण्यासाठी नसते. मजकुरात जे सांगितले आहे ते वाचकाला ताडून पाहता यावे, यासाठी ते असते. हाडाची लांबी किती, स्नायू कोठून निघतो आणि कोठे जोडला जातो, याबाबत असे चित्र बहुधा विश्वासार्ह असते. कारण मृत प्राणी चित्रकारासमोर स्थिर असतो आणि त्याची मापे पुन्हा पुन्हा घेता येतात. मात्र तोच प्राणी चालताना किंवा धावताना दाखवावयाचा झाला, की चित्रकाराच्या हाती मोजपट्टी राहत नाही. चार पायांपैकी कोणता पाय कोणत्या क्षणी जमिनीवर आहे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु युरोपातील चित्रकार, अश्ववैद्य, शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि छायाचित्रकार यांना याच प्रश्नाने शंभराहून अधिक वर्षे गुंतवून ठेवले होते.

या इतिहासाविषयी एक सोपा समज रूढ आहे. १८७८ साली अमेरिकेत कॅमेऱ्याने घोड्याची खरी दौड टिपली आणि त्या दिवसापासून चित्रकारांची जुनी चूक दुरुस्त झाली, असा तो समज होय. तो अर्धाच खरा आहे. त्या छायाचित्रांच्या पाच वर्षे आधी फ्रान्समध्ये केवळ नोंदींच्या आधारे धावत्या घोड्याची चित्रे काढली गेली होती. आणि त्या छायाचित्रांनंतर शतक उलटून गेले तरी शरीररचनेच्या प्रतिष्ठित ग्रंथांतील प्राणी चुकीच्या पायांनी चालत होते. या दोन्ही गोष्टींचा अर्थ लावण्यासाठी प्रस्तुत निबंधात मुख्यतः घोड्याच्या चित्रणाचा मागोवा घेतला आहे.

मृत घोडा आणि जिवंत घोडा

शास्त्रीय प्राणिचित्रणाच्या इतिहासात जॉर्ज स्टब्स (१७२४–१८०६) या इंग्रज चित्रकाराचे स्थान फार वरचे आहे. १७५६ च्या सुमारास त्याने लिंकनशायरमधील हॉर्कस्टो या खेड्यात एक घर घेतले आणि सुमारे अठरा महिने तेथे घोड्यांचे विच्छेदन केले. मेलेल्या घोड्याच्या रक्तवाहिन्यांत वितळलेली चरबी भरावयाची, आकडे व दोरखंड यांच्या साहाय्याने तो छताला टांगून उभा असल्यासारखा ठेवावयाचा, आणि मग कातडीपासून सांगाड्यापर्यंत एकेक थर काढीत प्रत्येक थराचे चित्र काढावयाचे, अशी त्याची पद्धत होती. एकच घोडा कित्येक आठवडे असा टांगलेला असे. त्या घरातील दुर्गंधीची कल्पना करता, हे काम करणाऱ्याची चिकाटी विलक्षण म्हटली पाहिजे. या कामात मेरी स्पेन्सर या स्त्रीने त्याला साहाय्य केले. पुढे लंडनच्या कोरीवकारांनी चित्रे कोरण्यास नकार दिला, तेव्हा स्टब्सने पत्रे स्वतःच कोरली. १७६६ साली ‘द ॲनॅटॉमी ऑफ द हॉर्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अश्वशरीराच्या रचनेबाबत पुढील शंभर वर्षे तो प्रमाण मानला गेला.

असे असूनही, शर्यतीचा घोडा रंगविताना याच स्टब्सने त्या काळची रूढ पद्धत स्वीकारलेली दिसते. १७९१ च्या ‘बॅरोनेट’ या घोड्याच्या चित्रात पुढचे दोन्ही पाय पुढे ताणलेले, मागचे दोन्ही मागे ताणलेले, आणि चारही खूर जमिनीपासून वर आहेत. पाण्यात सूर मारावा तसा तो घोडा हवेत आहे. तीस वर्षांनंतर तेओदोर जेरिको याने काढलेल्या आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेल्या एप्समच्या डर्बी शर्यतीच्या १८२१ मधील चित्रातही घोडे तसेच उडतात. घोडा या अवस्थेत कधीही नसतो. ज्याने घोड्याचा प्रत्येक स्नायू हाताने सोलून पाहिला, त्यालाही हे कळले नाही, याचे कारण त्याच्या निष्काळजीपणात शोधणे अन्यायाचे ठरेल. विच्छेदनाने अवयवांची जागा कळते; अवयवांच्या हालचालींचा क्रम कळत नाही.

डोळ्यांनाही तो दिसत नाही. शर्यतीच्या घोड्याची एक ढांग अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात पूर्ण होते. त्या अवधीत चार खूर आठ वेळा जमिनीशी सांधतात आणि सुटतात. पाय पुढच्या किंवा मागच्या टोकाला पोहोचतो तेव्हा दिशा बदलण्यासाठी तो क्षणभर थबकतो, आणि डोळ्यांत ठसते ती हीच स्थिती. पुढच्या पायांची पुढची टोकाची स्थिती आणि मागच्या पायांची मागची टोकाची स्थिती या प्रत्यक्षात वेगवेगळ्या क्षणी येतात. मन त्या एकत्र जोडते आणि उडता घोडा तयार होतो. हा भ्रम केवळ इंग्लंड-फ्रान्सपुरता नव्हता. सालोमाँ रेनाक या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने १९००–१९०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मायसीनीय कलेपासून चीनपर्यंत ही ताणलेल्या पायांची दौड कोठे कोठे आढळते, याचा मागोवा घेतला आहे.

पदक्रमाची नोंद

चालत्या प्राण्याचे पाय कोणत्या क्रमाने पडतात, याचे पहिले महत्त्वाचे विवेचन ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या गतीवरील आपल्या ग्रंथात केले. पुढच्या उजव्या पायानंतर मागचा डावा, मग पुढचा डावा आणि त्यानंतर मागचा उजवा, असा क्रम त्याने दिला आहे. संथ चालीबाबत हे विधान आजही बरोबर ठरते. शेतातून घरी परतणाऱ्या बैलाच्या मागून चालत गेल्यास कोणालाही ते पडताळता येईल; मात्र त्यासाठी एकाच पायावर नजर ठेवून पुढचा कोणता पडतो हे मोजावे लागते. सबंध बैलाकडे पाहून ते उमगत नाही.

सतराव्या शतकात जोव्हान्नी अल्फोन्सो बोरेल्ली या इटालियन गणितज्ञाने प्राण्यांच्या हालचालींना यंत्रशास्त्राचे नियम लावले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८०–८१ मध्ये प्रसिद्ध झाला. हाड म्हणजे तरफ आणि सांधा म्हणजे टेकू, असे मानून त्याने दाखविले, की स्नायू सांध्याच्या अगदी जवळ जोडलेला असल्यामुळे त्याला उचललेल्या वजनाच्या अनेक पट बल लावावे लागते. मात्र त्या मोबदल्यात अवयवाचे टोक मोठे अंतर वेगाने कापते. घोड्याचा पाय असा का घडला आहे, हे यावरून समजते. जड स्नायू धडाजवळ, खाली लांब कंडरा आणि शेवटी एकाच बोटाचा खूर, अशी ती रचना आहे. ज्याला लोक घोड्याच्या पुढच्या पायाचा गुडघा म्हणतात ते वस्तुतः मनगट असते आणि मागच्या पायाचा मागे वळलेला सांधा ही टाच असते. हे ज्याला ठाऊक नाही, तो चित्रकार सांधा नेमका उलट्या दिशेने वाकविण्याची शक्यता असते.

चित्रकारांसाठीच लिहिलेला असा एक ग्रंथ १७७९ साली पॅरिसजवळच्या आल्फोर येथील पशुवैद्यक विद्यालयातून निघाला. ग्वाफाँ आणि व्हँसाँ हे त्याचे कर्ते. चित्रकला व शिल्पकला यांत प्राण्यांचे यथातथ्य चित्रण कसे करावे, हा विषय त्याच्या शीर्षकातच नमूद आहे. घोड्याच्या चारही पायांना वेगवेगळ्या स्वरांच्या घंटा बांधून पदक्रम कानाने ओळखावा, अशी युक्ती त्यांनी योजली होती आणि प्रत्येक चालीसाठी कोणता पाय किती वेळ जमिनीवर असतो याचे तक्ते तयार केले होते. कलेच्या इतिहासात या ग्रंथाचा उल्लेख क्वचितच येतो, ही खेदाची बाब आहे. डोळ्यांनी न दिसणारी गोष्ट अन्य मार्गाने नोंदवून मग चित्रात आणावी, ही पुढच्या शतकातील मूळ कल्पना येथे स्पष्टपणे आढळते.

ती कल्पना सिद्धीस नेण्याचे श्रेय एतिएन-ज्यूल मारे (१८३०–१९०४) या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाचे होय. नाडीचे ठोके कागदावर उमटविणाऱ्या उपकरणांवर त्याने आधीच काम केले होते. त्याच धर्तीवर त्याने घोड्याच्या खुराखाली पोकळ रबरी गोळा बसविला. खूर जमिनीवर टेकला की गोळा दाबला जाई, त्यातील हवा नळीवाटे स्वाराच्या हातातील उपकरणात जाई आणि तेथे फिरत्या नळकांड्यावरील काजळी धरलेल्या कागदावर सुई वर सरके. खूर उचलला की सुई खाली येई. चार खुरांच्या चार रेषा अशा एकाखाली एक उमटत. मारेने या रेषांवरून आडव्या पट्ट्यांची एक लिपी तयार केली. पट्टीची लांबी म्हणजे खूर जमिनीवर टेकलेला काळ, आणि दोन पट्ट्यांमधील रिकामी जागा म्हणजे पाय हवेत असल्याचा काळ. संगीताच्या स्वरलिपीशी तिचे साम्य आहे. एकदा ती वाचता आली की कोणत्याही क्षणी उभी रेघ मारून त्या क्षणी कोणते पाय टेकलेले आहेत हे सांगता येते.

मारेचा ‘ला माशीन आनिमाल’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एमिल द्युहूसे या सैनिकी अधिकाऱ्याने काढलेली घोड्यांची चित्रे आहेत. द्युहूसे घोड्यांचा जाणकार होता आणि चित्रकारही होता. त्याने मारेच्या पट्ट्यांवर एक क्षण निवडावा, त्या क्षणी कोणते खूर टेकलेले व कोणते उचललेले हे वाचावे, आणि त्यानुसार घोडा उभा करावा, अशी ही चित्रे तयार झाली. दुडक्या चालीत कर्णरेषेवरचे दोन पाय एकदम पडतात आणि दोन जोड्यांच्या मध्ये घोडा क्षणभर पूर्णपणे हवेत असतो, हे त्यात स्पष्ट झाले. वेगवान हालचाल गोठवू शकणारा कॅमेरा तोवर कोणाजवळच नव्हता. तरीही, डोळ्यांना जे दिसत नाही ते नोंदीवरून काढण्याचे काम एका चित्रकाराने पार पाडले होते. वैज्ञानिक चित्रणाच्या इतिहासात या घटनेला जितके महत्त्व मिळावयास हवे होते तितके मिळाले नाही. त्यानंतर पाच वर्षांनी घडलेल्या नाट्यमय घटनेने ती झाकोळली.

पालो आल्टो, १८७८

कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर लीलंड स्टॅनफर्ड याच्याजवळ शर्यतीच्या घोड्यांचा मोठा तबेला होता. दुडक्या चालीत घोडा पूर्णपणे हवेत असतो की नाही, यावर त्याने मोठी पैज लावल्याची कथा सर्वत्र सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा मिळत नाही. त्याने १८७२ पासून एडवर्ड मायब्रिज (१८३०–१९०४) या छायाचित्रकाराला हे काम दिले होते, एवढे मात्र निश्चित. मारे आणि मायब्रिज यांची जन्मवर्षे व मृत्युवर्षे एकच आहेत, हा योगायोग गमतीचा आहे. त्यांच्या कामाची जातकुळी मात्र एक नव्हती.

जून १८७८ मध्ये पालो आल्टो येथील धावपट्टीच्या कडेने बारा कॅमेरे २७ इंचांच्या अंतराने मांडण्यात आले. धावपट्टीवर ताणलेल्या तारा घोड्याच्या आघाताने ओढल्या जात आणि एकामागून एक झडपा उघडत. प्रत्येक छायाचित्राचा प्रकाशकाल सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहून कमी असल्याचा दावा प्रसिद्ध केलेल्या पत्रांवर केलेला आहे. ‘सॅली गार्डनर’ या घोडीच्या चौखूर दौडीची छायाचित्रे पाहिल्यावर दोन गोष्टी निर्विवाद ठरल्या. घोडा दौडताना पूर्णपणे हवेत असतो. परंतु त्या क्षणी त्याचे पाय ताणलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात.

याचे यांत्रिक कारणही सांगितले पाहिजे. दौडीत आधी मागचे दोन पाय एकामागून एक पडतात, नंतर पुढचे दोन. शेवटचा आधार पुढच्या एका पायाचा असतो आणि त्याच्यावरून शरीर पुढे झेपावते. तोवर मागचे पाय पुढच्या टप्प्यासाठी पोटाखाली आलेले असतात, आणि जमीन सोडलेले पुढचे पाय मागे दुमडलेले असतात. म्हणून उड्डाणाच्या क्षणी चारही खूर जवळ येतात. पाय ताणलेले असतात तेव्हा कोणता ना कोणता खूर जमिनीवर असतोच.

मायब्रिजची ही छायाचित्रे बऱ्याच अंशी काळ्या छायाकृतींच्या स्वरूपाची होती. शिवाय त्या काळी छायाचित्र मजकुरासोबत थेट छापण्याची सोय रुळलेली नव्हती. १९ ऑक्टोबर १८७८ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ च्या मुखपृष्ठावर आणि डिसेंबरमधील ‘ला नात्यूर’ या फ्रेंच नियतकालिकात जे प्रसिद्ध झाले ते छायाचित्रांवरून केलेले कोरीवकाम होते. म्हणजे कॅमेऱ्याची साक्षही वाचकांपर्यंत पोहोचली ती चित्रकाराच्याच हातातून. १८८२ मध्ये स्टॅनफर्डच्या आश्रयाने डॉ. जे. डी. बी. स्टिलमन यांचा ‘द हॉर्स इन मोशन’ हा ग्रंथ निघाला. त्यातील बहुतेक चित्रे मायब्रिजच्या छायाचित्रांवरून काढलेली रेखाचित्रे होती, मात्र मुखपृष्ठावर मायब्रिजचे नाव नव्हते. त्यामुळे लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचा निबंध प्रसिद्ध करण्याचे थांबविले आणि स्टॅनफर्डविरुद्धचा दावाही मायब्रिज हरला. मूळ निरीक्षकाचे नाव चित्राखाली असावे की नसावे, हा वैज्ञानिक चित्रणातील प्रश्न तेव्हापासूनच वादाचा आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात केलेल्या पुढील कामातून मायब्रिजने १८८७ मध्ये ‘ॲनिमल लोकोमोशन’ हा ७८१ पत्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. चित्रकारांच्या पिढ्यांनी तो वापरला आहे. मात्र मार्टा ब्राऊन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की यातील अनेक पत्रांवरील चित्रांचा क्रम सलग नाही. निसटलेल्या क्षणांच्या जागी अन्य छायाचित्रे घालून किंवा क्रम बदलून मालिका पूर्ण केल्या आहेत. मारेला हे चालले नसते. त्याने १८८२ मध्ये सेकंदाला बारा चित्रे टिपणारी छायाचित्र-बंदूक बनविली, आणि त्याच वर्षापासून एकाच काचेवर ठरावीक कालांतराने अनेक क्षण उमटविण्याची पद्धत विकसित केली. काळा पोशाख घातलेल्या माणसाच्या हातापायांवर पांढऱ्या रेघा आखून त्याने शरीर अदृश्य केले आणि केवळ हालचाल शिल्लक ठेवली. ही चित्रे शोभिवंत नाहीत. परंतु त्यांवर मोजपट्टी ठेवता येते.

चित्रकारांचा प्रतिसाद

एर्नेस्त मेसोनिए हा फ्रेंच चित्रकार युद्धदृश्यांतील घोड्यांसाठी विख्यात होता. घोड्याची चाल पाहता यावी म्हणून त्याने पोआसी येथील आपल्या आवारात रूळ टाकून घेतले होते आणि दौडत्या घोड्याला समांतर गाडीतून जात तो रेखाटने करी. अशा माणसाला मायब्रिजच्या छायाचित्रांनी धक्का बसला असल्यास नवल नाही. तरीही नोव्हेंबर १८८१ मध्ये त्याने पॅरिसमधील आपल्या घरी मायब्रिजच्या सन्मानार्थ संमेलन भरविले. शिल्पकार रोदँ याची भूमिका याच्या उलट होती. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संभाषणांत त्याने जेरिकोचा पक्ष घेतला. वास्तवात काळ थांबत नाही, म्हणून काळ थांबविणारे छायाचित्रच खोटे आणि अनेक क्षण एकत्र आणणारा चित्रकार खरा, असे त्याचे प्रतिपादन होते. कलाकृतीपुरते ते मान्य करता येईल. पाठ्यपुस्तकातील चित्राला मात्र हा बचाव उपलब्ध नाही, कारण तेथे वाचक चित्र पाहून पाय मोजतो.

चालीतील चूक

दौडीची चर्चा इतकी झाली की साध्या चालीकडे दुर्लक्ष झाले. वस्तुतः शास्त्रीय ग्रंथांत प्राणी बहुधा चालतानाच दाखविलेला असतो. बुडापेस्ट येथील भौतिकशास्त्रज्ञ गाबोर होर्वाथ आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये या चित्रणाची तपासणी प्रसिद्ध केली. निसर्गविज्ञान संग्रहालयांतील चालत्या चतुष्पादांपैकी ४१.१ टक्के, भुसा भरलेल्या प्राण्यांच्या व्यापारी सूचींतील ४३.१ टक्के, खेळण्यांतील ५० टक्के आणि प्राण्यांच्या शरीररचनेवरील पुस्तकांतील तब्बल ६३.६ टक्के चित्रणे चुकीची आढळली. सर्वांत शास्त्रीय समजले जाणारे साधन खेळण्यापेक्षाही मागे पडले. याचे एक कारण उघड आहे. शरीररचनेच्या चित्रकाराचे सारे लक्ष स्नायूंवर असते. पायांची ठेवण ही त्याच्या लेखी केवळ मांडणी असते आणि ती बहुधा आधीच्या पुस्तकावरून उचललेली असते. एका पत्रातील चूक अशा रीतीने दुसऱ्यात उतरते आणि पुनरावृत्तीमुळेच प्रमाण ठरते.

याच गटाने २०१२ मध्ये सुमारे एक हजार कलाकृतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाय मनाला येईल तसे मांडले तर चुकण्याचे प्रमाण ७३.३ टक्के येते, असे गणित त्यांनी मांडले. मायब्रिजपूर्वीच्या चित्रकारांचे चुकीचे प्रमाण ८३.५ टक्के निघाले. त्याच्यानंतर ते ५७.९ टक्क्यांवर आले. प्रागैतिहासिक गुहाचित्रांत मात्र ते ४६.२ टक्केच होते. गुहाचित्रांचा नमुना लहान आहे, आणि एखादा प्राणी चालतो आहे की उभा आहे हे ठरविणे तेथे कठीण असते, म्हणून या शेवटच्या आकड्यावर फार मोठी इमारत उभारू नये. परंतु ८३.५ आणि ७३.३ यांतील फरक विचार करण्याजोगा आहे. केवळ अज्ञानाने चूक झाली असती तर ती दैवगतीइतकीच झाली असती. दैवगतीहून अधिक चुका होतात तेव्हा त्यामागे एखादा चुकीचा नियम असला पाहिजे. चित्रशाळांतून तो शिकविला गेला असणार.

बरोबर नियम सांगणे कठीण नाही. संथ चालीत मागचा डावा पाय पडतो, त्यानंतर पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. त्यामुळे मागचा पाय पुढे येऊन टेकतो त्याच सुमारास त्याच बाजूचा पुढचा पाय जमीन सोडतो. त्या बाजूचे दोन पाय खाली एकमेकांजवळ येतात. त्याच क्षणी दुसऱ्या बाजूचे पाय एकमेकांपासून दूर असतात. घोड्याच्या चालीत दोन व तीन पाय आलटून पालटून जमिनीवर असतात, आणि तीन पायांचा त्रिकोण शरीराच्या भाराला आधार देतो. मिल्टन हिल्डब्रँड या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये अशा सर्व समतोल चाली दोनच आकड्यांत बसविल्या. मागचा पाय एकूण ढांगेच्या किती टक्के काळ जमिनीवर असतो हा पहिला, आणि त्यानंतर किती टक्के काळाने त्याच बाजूचा पुढचा पाय पडतो हा दुसरा. मारेच्या पट्ट्यांचे हे गणिती रूप होय. हे दोन आकडे हाती असतील तर चित्रकाराला कोणत्याही क्षणाचे चारही पाय मांडता येतात.

एका प्राण्याची चाल दुसऱ्याला

तथापि सर्व प्राण्यांना एकच साचा लावणे ही दुसऱ्या प्रकारची चूक ठरते. हिल्डब्रँडने १९५९ मध्येच चित्ता आणि घोडा यांच्या धावण्याची तुलना केली होती. चित्त्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि ताणला जातो. त्यामुळे एका ढांगेत तो दोनदा हवेत असतो, एकदा पाय गोळा करून आणि एकदा पाय ताणून. ग्रेहाउंड कुत्र्याचेही तसेच आहे. स्टब्स आणि जेरिको यांच्या घोड्यांची ती अशक्य झेप कुत्र्याच्या बाबतीत जवळजवळ खरी आहे; शिकारीच्या चित्रांतून ती घोड्यावर आली असावी, असा तर्कही मांडला गेला आहे. घोड्याचा कणा मात्र ताठ असतो.

हत्तीचे उदाहरण याहून वेगळे. जॉन हचिन्सन आणि सहकाऱ्यांनी थायलंडमधील आशियाई हत्तींवर केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सेकंदाला ६.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर इतक्या वेगातही हत्तीचे चारही पाय एकदम जमीन सोडीत नाहीत आणि पदक्रम संथ चालीचाच राहतो. दुडकी चाल किंवा दौड त्याला नाही. या संदर्भात ‘अकबरनामा’तील एका चित्राची आठवण होते. बसावनने आखलेल्या आणि छतरने रंगविलेल्या या चित्रात अकबर हवाई नावाच्या हत्तीवर स्वार होऊन आग्र्याच्या नावांच्या पुलावरून दुसऱ्या हत्तीचा पाठलाग करीत आहे. १५६१ मधील ही घटना. चित्रकाराने वेगाचा प्रत्यय दिला आहे तो हत्तीला उडवून दिलेला नाही; त्याच्या भाराने कलणाऱ्या नावांतून दिला आहे.

लहान प्राण्यांच्या बाबतीत अडचण आणखी निराळी होती. कातडी व केस यांमुळे हाडांची स्थिती दिसतच नाही. हार्वर्ड विद्यापीठातील फॅरिश जेन्किन्स यांनी ओपोसम या लहान सस्तन प्राण्याच्या चालीचे क्ष-किरण चलच्चित्रण केले आणि १९७१ मध्ये दाखविले, की त्याची मांडीची व दंडाची हाडे खांबासारखी उभी नसतात. ती बरीच आडवी असतात आणि प्राणी दबकून चालतो. पाठ्यपुस्तकांत मात्र लहान सस्तन प्राण्याचे पायही घोड्याच्या धर्तीवर सरळ काढण्याची प्रथा होती.

ज्यांची चाल कोणीच पाहिली नाही अशा प्राण्यांचे चित्रण ही या विषयातील सर्वांत मोठी कसोटी. १९०५ मध्ये अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी याने डिप्लोडोकस या प्रचंड डायनासोरच्या सांगाड्याची प्रतिकृती लंडनच्या संग्रहालयाला दिली. तीत पाय शरीराखाली खांबासारखे उभे होते. १९०८ मध्ये अमेरिकेतील ऑलिव्हर हे आणि १९०९ मध्ये जर्मनीतील गुस्टाव्ह टोर्नियर यांनी यावर आक्षेप घेतला. हा सरपटणारा प्राणी असल्यामुळे त्याचे पाय मगरीसारखे बाजूला पसरलेले असले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. आणि त्यानुसार पोट घासत चालणाऱ्या डिप्लोडोकसची चित्रेही निघाली. पिट्सबर्गच्या संग्रहालयाचे संचालक डब्ल्यू. जे. हॉलंड यांनी १९१० मध्ये सांगाड्याच्या सांध्यांचा आधार घेऊन त्याला उत्तर दिले. तसे चालावयाचे तर या प्राण्याची छाती इतकी खोल आहे की ती मावण्यासाठी जमिनीत चर खणलेला असावा लागेल, असे त्यांनी उपरोधाने दाखवून दिले.

हा वाद हाडांवरच चालू राहिला असता. १९३८ मध्ये रोलंड टी. बर्ड यांना टेक्सासमधील ग्लेन रोजजवळ पॅलक्सी नदीच्या पात्रात याच वर्गातील महाकाय डायनासोरांच्या पाऊलखुणांची रांग सापडली. डाव्या व उजव्या पावलांतील अंतर अरुंद होते, आणि पोट किंवा छाती घासल्याची खूण कोठेही नव्हती. काजळीच्या कागदावर मारेने जी नोंद उमटविली तशीच ही नोंद चिखलात उमटून दगड झाली होती. त्या रांगेचा एक भाग उखडून न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत नेण्यात आला आणि महाकाय सांगाड्याच्या मागे बसविण्यात आला. पुढे १९७६ मध्ये आर. मॅक्नील अलेक्झांडर यांनी पाऊलखुणांतील ढांगेची लांबी आणि पायाच्या मापावरून काढलेली नितंबाची उंची यांवरून वेग काढण्याचे सूत्र मांडले. त्या सूत्राने त्यांनी अभ्यासलेल्या डायनासोरांचा वेग सेकंदाला १ ते ३.६ मीटर इतकाच निघाला. म्हणजे चित्रांतून झेपावणाऱ्या त्या प्राण्यांनी, निदान चिखलात पाऊल उमटविताना तरी, माणसाच्या चालण्या-पळण्याइतकाच वेग धरला होता.